बायनरी स्ट्रिंग, पण कुठली? रुबीत बिट, बाइट आणि आकडे यांची ये-जा

रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत बायनरी स्ट्रिंगचा आकडा कसा करायचा, असं कुणी विचारलं की मी उत्तराआधी उलट विचारते: कुठली बायनरी स्ट्रिंग? यात फाटे फोडण्याचा हेतू नसतो. प्रोग्रामरच्या बोलण्यात या एका नावाच्या दोन वेगळ्या वस्तू वावरतात, आणि या विषयातले बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

पहिली वस्तू म्हणजे शून्य आणि एक ही अक्षरं ओळीनं लिहिलेली स्ट्रिंग. "१०१" घ्या. द्विमान पद्धत येणाऱ्याला त्यात पाच दिसतो, पण मेमरीत इथं तीन बाइट बसलेले असतात (एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). "१०१".बाइट्स असं विचारलं तर रुबी [४९, ४८, ४९] असं उत्तर देते, कारण आस्कीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या तक्त्यात, शून्य या अक्षराचा क्रमांक ४८ आणि एक या अक्षराचा ४९. दुसरी वस्तू म्हणजे कच्चे बाइट: चित्राची फाइल, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, एखाद्या सेन्सरनं पाठवलेलं मोजमाप. तिथं पाच हा आकडा एकाच बाइटमध्ये मावतो आणि त्या बाइटला पडद्यावर दाखवता येईल असं अक्षरही नसतं.

पहिली स्ट्रिंग माणसानं वाचावी म्हणून लिहिलेली असते, दुसरी यंत्रानं वाचावी म्हणून. दोघींचा आकडा करायच्या वाटा पूर्ण वेगळ्या. आणि वाट चुकली तर रुबी ओरडत नाही, गपचूप चुकीचं उत्तर देते. कच्च्या पाचाला अक्षरांच्या वाटेनं नेलं तर शून्य मिळतं. "१०१" ला बाइटच्या वाटेनं नेलं तर ४९ मिळतात. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी साळसूद.

पुढं जाण्याआधी लिपीबद्दल एक सूचना. या लेखात मेथडची (रुबीला द्यायच्या आज्ञांची) नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून. एडिटरमध्ये टाइप करताना ही नावं आणि आकडे रोमन लिपीतच लागतात. तुम्ही स्वतः लिहिलेल्या मेथडला "बेरीज" असं देवनागरी नाव दिलं तर रुबी ते आनंदानं चालवून घेते, पण स्ट्रिंगमधल्या देवनागरी आकड्यांना ती आकडे मानत नाही. मराठी कीबोर्डवरून आलेल्या "१०११" वर टू_आय ही आकडा करणारी मेथड चालवली तर सरळ शून्य मिळतं.

मराठी फॉर्म हाताळणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण इथं एक छुपा सापळा आहे. मजकुराचा साचा तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डी फक्त रोमन आकडे ओळखतो, पण चौकटी कंसातला "डिजिट" हा वर्ग युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यातले सगळे आकडे ओळखतो, देवनागरीही. म्हणजे तपासणी पास होते आणि लगेच पुढच्या ओळीत टू_आय शून्य देऊन मोकळं होतं. कुणी आजीनं फोनवरच्या मराठी कीबोर्डनं वय ७२ लिहिलं तर डेटाबेसमध्ये ती शून्य वर्षांची होते. उपाय एका ओळीचा: टीआर या मेथडला देवनागरी शून्य ते नऊ हा पट्टा आणि रोमन शून्य ते नऊ हा पट्टा द्यायचा. ती एकास एक अदलाबदल करते, मग बिनधास्त टू_आय करा.

आता पहिल्या प्रकाराकडे येऊ.

शाळेत वृत्तं शिकताना य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण पाठ केलेले असतात. गण आठच का? कारण गण तीन अक्षरांचा, आणि प्रत्येक अक्षर एक तर लघू नाही तर गुरू. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. लघूला ० आणि गुरूला १ धरा. "यमाचा" म्हणजे लघू-गुरू-गुरू, ०११, म्हणजे तीन. "राधिका" म्हणजे १०१, पाच. "नमन" म्हणजे ०००. "भास्कर" १००, चार. "जनास" ०१०, दोन. गण पाठ करताना आपण तीन बिटांचे सगळे आकडे पाठ करत होतो.

या स्ट्रिंगचा आकडा करायचं काम रुबीत असं होतं:

"१०११".टू_आय(२) → ११

कंसातला २ हा पाया. तो दिला नाही तर रुबी १० धरते आणि "१०११" चे एक हजार अकरा करते. पाया २ पासून ३६ पर्यंत कुठलाही चालतो. दहा आकडे आणि रोमनची सव्वीस अक्षरं मिळून छत्तीस, म्हणून मर्यादा छत्तीसची.

आत काय घडतं ते हातानं करून बघण्यासारखं आहे. शून्यापासून सुरुवात करा. डावीकडून एकेक अक्षर घ्या, आतापर्यंतच्या बेरजेची दुप्पट करा आणि नवा आकडा मिळवा. १०११ मधला पहिला १: शून्याची दुप्पट शून्य, अधिक एक, झाला एक. पुढचा ०: एकाची दुप्पट दोन. पुढचा १: दोनाची दुप्पट चार, अधिक एक, पाच. शेवटचा १: पाचाची दुप्पट दहा, अधिक एक, अकरा. घातांकांचं कोष्टक लिहायची गरजच पडत नाही. ही रीत एकदा बोटांवर बसली की द्विमान आकडे तोंडी वाचता येतात.

उलटा प्रवास टू_एस चा:

११.टू_एस(२) → "१०११"

इथं भागाकार. अकराला दोननं भागा, बाकी १, भागाकार ५. पाचाला भागा, बाकी १, भागाकार २. मग बाकी ०, भागाकार १. मग बाकी १. बाक्या मिळाल्या १, १, ०, १ आणि त्या खालून वर वाचल्या की १०११. या बाक्या मिळाल्या त्याच क्रमानं हव्या असतील तर रुबीत डिजिट्स ही मेथड आहे: ११.डिजिट्स(२) दिलं की [१, १, ०, १] मिळतं, एककस्थान आधी. टू_एस चा क्रम आणि डिजिट्सचा क्रम उलटा आहे, हे विसरलं की तासभर जातो.

हीच ये-जा पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, म्हणून मला या विषयाचा विशेष जिव्हाळा. छंदाच्या सगळ्या शक्य रचना एका ठरावीक क्रमानं मांडल्या की तो प्रस्तार. प्रस्तारातला क्रमांक दिला असता रचना शोधायची त्या रीतीला नष्ट म्हणतात, आणि रचना दिली असता क्रमांक शोधायचा त्या रीतीला उद्दिष्ट. टू_एस(२) आणि टू_आय(२) यांचीच ही जोडी. नष्टाची रीत अशी: संख्या निम्मी होत असेल तर लघू लिहा आणि निम्मी करा, होत नसेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मी करा. तीन अक्षरांच्या प्रस्तारातली सहावी ओळ काढू. सहा निम्मे होतात: लघू, उरले तीन. तीन निम्मे होत नाहीत: गुरू, एक मिळवून चार, निम्मे दोन. दोन निम्मे होतात: लघू. लघू-गुरू-लघू, म्हणजे ज गण. यातलं पहिलं अक्षर सर्वांत आधी बाहेर पडतं, म्हणजे सर्वांत लहान स्थानिक किंमत डाव्या टोकाला येते, डिजिट्ससारखी. क्रमाचा हा मुद्दा पुढं पुन्हा भेटणार आहे.

टू_आय चा स्वभाव मात्र जरुरीपेक्षा मवाळ आहे. वाचता येईल तितकं वाचायचं आणि पहिल्या परक्या अक्षराला थांबायचं, अशी तिची रीत. "१०१२".टू_आय(२) दिलं तर ती १०१ वाचते, २ ला अडखळते आणि उत्तर देते ५. "नमस्कार".टू_आय(२) चं उत्तर शून्य. रिकाम्या स्ट्रिंगचंही शून्य. आता आलेलं शून्य खरं शून्य आहे की कचरा, हे कळायला मार्गच राहत नाही. बाहेरून येणाऱ्या कुठल्याही मजकुरावर टू_आय वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी कॅपिटल आय पासून सुरू होणारी इंटिजर ही मेथड आहे. इंटिजर("१०१२", २) लिहिलं तर ती आर्ग्युमेंट एरर देऊन तिथंच थांबते. एरर नको, निल ("काहीच नाही" असं उत्तर) हवं असेल तर रुबी २.६ पासून तिला एक्सेप्शन: फॉल्स असं सांगता येतं.

इंटिजर वापरताना पाया नेहमी द्यावा. तो दिला नाही तर ती स्ट्रिंगच्या सुरुवातीकडे बघून पाया ठरवते: शून्य-बी नं सुरू होत असेल तर २, शून्य-एक्स असेल तर १६, आणि नुसतं शून्य असेल तर ८. त्यामुळे इंटिजर("०१०") चे आठ होतात आणि इंटिजर("०८") वर एरर येते, कारण अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नाही. तारखेतला ऑगस्ट महिना वाचताना हे हमखास आडवं येतं. जुलैपर्यंत सगळं सुरळीत, आणि एक ऑगस्टला प्रोग्राम आडवा. टू_आय ला ही खोड नाही, ती "०१०" चे दहाच करते. अंडरस्कोर दोघींना चालतो, तेव्हा "१०१०_१०१०" असं चार-चारात तोडून लिहिलं तरी १७० च मिळतात.

परतीच्या वाटेवर सुरुवातीची शून्यं गळतात. ५.टू_एस(२) म्हणजे "१०१", आठ बिट हवे असतील तर .आरजस्ट(८, "०") जोडून "०००००१०१" करून घ्यायचं. यात रुबीचा दोष नाही. पाच या आकड्याला रुंदी नसतेच, रुंदी आपण ठरवलेली असते. रुबीचा इंटिजर कितीही मोठा होऊ शकतो. पूर्वी लहान आकड्यांसाठी फिक्सनम आणि मोठ्यांसाठी बिगनम असे दोन वर्ग दिसायचे, २.४ या आवृत्तीपासून ते एकाच इंटिजर वर्गात आले.

रुंदी नसल्याचा खरा परिणाम ऋण आकड्यांवर होतो. उणे पाचाचं टू_एस(२) केलं तर "-१०१" येतं, म्हणजे वजाबाकीचं चिन्ह आणि पाच. हार्डवेअरच्या पुस्तकात मात्र आठ बिटांतला उणे पाच १११११०११ असा असतो. तो हवा तर रुंदी आपण सांगायची: (-५ & २५५).टू_एस(२). हा & म्हणजे बिटांवरचा अँड, तो खालचे आठ बिट ठेवतो आणि वरचे पुसतो. उलट येताना "१११११०११".टू_आय(२) नं २५१ मिळतात. ते उणे पाच आहेत की दोनशे एक्कावन्न, हे स्ट्रिंगला माहीत नाही. तुम्हाला माहीत असलं तर २५१ मधून २५६ वजा करा, उणे पाच हातात.

आता दुसरा प्रकार, कच्चे बाइट. इथं पॅक आणि अनपॅक या मेथड लागतात. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जपानमध्ये रुबी लोकांपुढं ठेवली तेव्हा पर्ल या आधीच्या भाषेतून बरंच काही घेतलं, त्यातलीच ही जोडी. पॅक ॲरेवर, म्हणजे आकड्यांच्या यादीवर, चालते आणि आकड्यांचे बाइट करते. अनपॅक स्ट्रिंगवर चालते आणि बाइटचे आकडे करते, उत्तर ॲरेत देते. एकच आकडा हवा असेल तर अनपॅक१ वापरावी, ती २.४ पासून आहे. दोघींना एक सांकेतिक अक्षर द्यावं लागतं. त्या अक्षरात तीन गोष्टी भरलेल्या असतात: किती बाइट, कुठल्या क्रमानं, आणि चिन्हासकट की चिन्हाविना.

कॅपिटल सी म्हणजे एक बाइट, चिन्हाविना, शून्य ते २५५. स्मॉल सी म्हणजे एक बाइट, चिन्हासकट, उणे १२८ ते १२७. स्मॉल एन म्हणजे दोन बाइट आणि कॅपिटल एन म्हणजे चार, दोन्हींत मोठी स्थानिक किंमत आधी. स्मॉल व्ही आणि कॅपिटल व्ही तसेच दोन आणि चार बाइट, पण लहान स्थानिक किंमत आधी. चिन्हासकट चार बाइट हवे तर स्मॉल एल, आणि त्याच्यापुढं क्रम सांगणारा बाण: > लावला तर मोठी आधी, < लावला तर लहान आधी. रोजच्या कामाला एवढी अक्षरं पुरतात, बाकीची लागतील तेव्हा बघावीत.

एक पीएनजी चित्र उघडून बघू. पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. १३, १०, २६ हे मुद्दाम घातलेले आहेत. फाइल चुकून मजकूर समजून कुणी कॉपी केली आणि ओळींचे शेवट बदलले गेले, तर हे बाइट आधी बिघडतात आणि घोटाळा लगेच उघड होतो. मला ही रचना फार आवडते. त्यानंतर चार बाइट लांबीचे, चार बाइट "आयएचडीआर" या नावाचे, आणि मग सोळाव्या बाइटपासून (शून्यापासून मोजत) चार बाइट रुंदी आणि चार बाइट उंची. तेव्हा

फाइल.बिनरीड("चित्र.पीएनजी", ८, १६).अनपॅक("एन२")

एवढ्यावर [८००, ६००] असं उत्तर येतं. आठ बाइट वाच, सोळाव्यापासून, आणि त्यांचे चार-चार बाइटांचे दोन आकडे कर. एन कॅपिटल. कुठलीही लायब्ररी न लावता चित्राचं माप हातात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा फाइल या वस्तूकडे बघायची माझी नजरच बदलली.

यात नुसत्या रीडऐवजी बिनरीड मुद्दाम वापरलंय. रीडनं वाचलेल्या स्ट्रिंगवर रुबी सहसा यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) असं लेबल लावते आणि मग कंसानं तुकडा मागितला की अक्षरं मोजते, बाइट नाही. "मराठी" ची लेंग्थ ५ आणि बाइटसाइज १५. कच्च्या डेटात हा फरक परवडत नाही.

आता त्याच चित्रावर एन ऐवजी व्ही वापरून बघा. ८०० ची रुंदी फाइलमध्ये ०, ०, ३, ३२ अशी बसलेली आहे. तीन गुणिले २५६ अधिक ३२, आठशे. व्ही हेच बाइट उलट्या टोकाकडून मोजते आणि रुंदी सांगते ५३,७०,६७,५२०. त्रेपन्न कोटींहून अधिक ठिपके. एरर नाही, इशारा नाही.

बाइटचा क्रम समजायला मराठीइतकी सोयीची भाषा नसेल. आपण २५ लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना "पंच-वीस" म्हणतो, एकक आधी. "त्रेपन्न" मध्ये तीन आधी, पन्नास नंतर. लिहिणं मोठी आधी, बोलणं लहान आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा घरोघरी आणि विधानसभेतही वाद रंगला. त्या वादाचा गाभा हाच होता: उच्चाराचा क्रम लिखाणाच्या क्रमाशी जुळवायचा की नाही. संगणकातही दोन्ही परंपरा आहेत. इंटरनेटचे प्रोटोकॉल मोठी किंमत आधी पाठवतात, एन हे अक्षर नेटवर्कवरूनच आलंय. घरातल्या बहुतेक संगणकांचे इंटेल घराण्याचे प्रोसेसर मेमरीत लहान किंमत आधी ठेवतात. पीएनजी पहिल्या परंपरेतली, विंडोजची जुनी बीएमपी दुसरीतली. त्या ८०० च्या रुंदीचे बाइट बीएमपीत ३२, ३, ०, ० असे येतात. बाइटकडे टक लावून बघून क्रम कळत नाही. तो फॉरमॅटच्या कागदपत्रातच वाचावा लागतो.

बीएमपीत चिन्हाचीही गंमत आहे. तिथं अठराव्या बाइटपासून रुंदी आणि बावीसाव्यापासून उंची, दोन्ही चिन्हासकट. उंची धन असेल तर चित्राच्या ओळी खालून वर साठवलेल्या असतात, ऋण असेल तर वरून खाली. म्हणजे इथं उणे ६०० ला खरा अर्थ आहे. व्ही वापरून वाचली तर उणे ६०० च्या जागी ४,२९,४९,६६,६९६ अशी उंची दिसेल. एल< वापरली तर बरोबर.

चिन्हाची अशीच एक जागा म्हणजे आयपी पत्ता. १९२.१६८.१.१० म्हणजे चार बाइट. [१९२, १६८, १, १०].पॅक("सी४").अनपॅक१("एन") केलं की ३२३२२३५७८६ मिळतात. डेटाबेसमध्ये पत्ते असे आकड्यात ठेवले की एखादा पत्ता अमुक पट्ट्यात येतो का, हे साध्या तुलनेनं कळतं. पण त्या रकान्याचा प्रकार चिन्हासकट चार बाइटांचा असेल तर तिथं एवढा आकडा मावत नाही. तेच बाइट चिन्हासकट वाचले तर उणे १०६२७३१५१० दिसतात. अशा वेळी पत्ता बिघडलेला नसतो, वाचणाऱ्यानं वेगळा चष्मा लावलेला असतो.

पॅकची एक सवय मला पटत नाही. दिलेल्या रुंदीत आकडा मावला नाही तर ती वरचे बिट न सांगता टाकून देते. [३००].पॅक("सी") मध्ये जो बाइट तयार होतो त्याची किंमत ४४, तीनशे वजा दोनशे छप्पन्न. पॅक करण्याआधी आकडा मर्यादेत आहे का, हे आपणच तपासायचं. अनपॅक१ चं उलटं: चार बाइट मागितले आणि स्ट्रिंगमध्ये एकच असला तर ती निल देते. ते निल पुढं बेरजेत गेलं की एरर तिसरीकडेच कुठंतरी फुटते.

आठ बाइटांपर्यंतच्या आकड्यांना सांकेतिक अक्षरं आहेत. त्याहून लांब बाइट आले तर? एसएचए-२५६ चा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरातून काढलेला ठसा, ३२ बाइटांचा असतो. त्याचा इंटिजर करायची सोपी वाट हेक्समधून, म्हणजे १६ च्या पायातून, जाते: हॅश.अनपॅक१("एच*").टू_आय(१६). एच, कॅपिटल, प्रत्येक बाइटचे दोन हेक्स अंक करते, तारा म्हणजे शेवटपर्यंत, आणि त्या चौसष्ट अंकांचा टू_आय एक प्रचंड आकडा करते. रुबीला आकड्याच्या लांबीची पर्वा नाही.

परतीच्या वाटेवर मी एकदा चांगलीच अडकले होते. फाइलींचे हॅश आकड्यात साठवायचे आणि पडताळणीच्या वेळी पुन्हा बाइट करायचे, असं काम होतं. आकडा.टू_एस(१६), तो ॲरेत घालून पॅक("एच*"), एवढा सरळ कोड. दहा-बारा फाइलींवर तपासला, चोख चालला. खऱ्या डेटावर मात्र अधूनमधून एखादी फाइल पडताळणीत नापास व्हायची, आणि फाइल उघडून बघावी तर ती धडधाकट. दोन दिवस मी डिस्कवर संशय घेत बसले. मग नापास झालेले सगळे हॅश एकाखाली एक छापले आणि लगेच दिसलं: प्रत्येकाची सुरुवात शून्यानं होत होती.

सुरुवातीचं शून्य टू_एस मध्ये गळायचं आणि चौसष्टऐवजी त्रेसष्ट हेक्स अंक उरायचे. विषम अंक आले की पॅक शून्य शेवटी जोडते, सुरुवातीला नाही. हे लहान प्रमाणात बघा: १० चं हेक्स "ए". ["ए"].पॅक("एच*") मधून १० चा बाइट निघायला हवा, पण "ए" च्या पुढं शून्य चिकटून "ए०" होतं आणि बाइट निघतो १६० चा. सगळे अंक एका जागेनं सरकलेले. पहिला हेक्स अंक शून्य असण्याची शक्यता सोळात एक, म्हणून मोजक्या फाइलींवरच्या चाचणीत ते निसटलं. दुरुस्ती अर्ध्या ओळीची: पॅकच्या आधी .आरजस्ट(६४, "०"). तेव्हापासून अशी कुठलीही ये-जा लिहिली की मी चाचणीत सर्वांत आधी शून्यानं सुरू होणारं उदाहरण घालते.

राहिला दोन प्रकारांना जोडणारा पूल. अनपॅकला कॅपिटल बी दिला की ती कच्च्या बाइटांचे बिट अक्षरांत लिहून देते, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या स्ट्रिंगची पहिल्या प्रकारची स्ट्रिंग होते. रोमन कॅपिटल ए या अक्षराचे बिट "०१०००००१". स्मॉल बी दिला तर प्रत्येक बाइटचे बिट उलट्या क्रमानं, "१०००००१०", लहान स्थानिक किंमत डावीकडे, प्रस्तारासारखी. पॅकला तेच अक्षर दिलं की बिट पुन्हा बाइटमध्ये जातात.

या पुलावरून आपलं "क" नेऊन बघू. "क".बाइट्स म्हणजे [२२४, १६४, १४९], यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट. "क".अनपॅक१("बी*") मधून चोवीस बिट येतात, आठ-आठात तोडले तर असे:

१११००००० १०१००१०० १००१०१०१

या अख्ख्या स्ट्रिंगवर टू_आय(२) केलं तर १४७२२१९७ येतात. आकडा म्हणून बरोबर, पण "क" शी त्याचा संबंध नाही, कारण यातले काही बिट अक्षराचे नाहीत, बांधणीचे आहेत. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे १११० सांगतात की हे अक्षर तीन बाइटांचं आहे. पुढच्या दोन्ही बाइटांच्या सुरुवातीचे १० सांगतात की आम्ही आधीच्याचा उरलेला भाग आहोत. ही बांधणी काढून टाका. पहिल्यातून उरतं ००००, दुसऱ्यातून १००१००, तिसऱ्यातून ०१०१०१. ओळीनं जोडा:

"००००१००१०००१०१०१".टू_आय(२) → २३२५

२०४८ अधिक २५६ अधिक १६ अधिक ४ अधिक १. युनिकोडच्या तक्त्यात "क" चा क्रमांक हाच आहे, आणि रुबीला सरळ "क".ऑर्ड विचारलं तरी ती २३२५ च सांगते.